नळी, बाटली आणि कडी

आईबाबांनो,

गेल्या ऑक्टोबरातली संध्याकाळ. ऊन कलंडलं होतं, पण झाडाचं पान हलत नव्हतं. डिसेंबरातल्या मॅरेथॉनला नाव दिलेली आमची पोरं मैदानाला फेऱ्या मारत होती. चौथ्या फेरीला सातवीतली एक मुलगी वळणावर थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि म्हणाली, “बाई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.” तिला सावलीत आडवं केलं, बूट सैल केले, मानेवर ओला रुमाल ठेवला, घोट घोट पाणी पाजलं. दहाएक मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा कामावरून परस्पर मैदानावर आले. हातात नारंगी झाकणाची नळी. “बाई, ही गोळी पाण्यात टाकली की फसफसून विरघळते. जिममधला मित्र म्हणाला, हायड्रेशनला एक नंबर. हिला रोज एक चालू करू का?”

मी म्हटलं, “बघू या की. पण आधी हिची पाण्याची बाटली दाखवा.”

मुलीनं दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातून बाटली काढली. सकाळी साडेसहाला आईनं भरून दिलेली. आता संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि पाणी अजून झाकणाला टेकलेलं होतं. डबा मात्र चाटूनपुसून स्वच्छ. बाबा बाटलीकडे बघत राहिले, मुलगी पायातल्या बुटांकडे.

ती का प्यायली नव्हती, ते पुढे सांगते. आधी त्या नळीविषयी बोलू. हल्ली आठवड्याला एक तरी पालक अशी नळी नाहीतर पुडी घेऊन माझ्यापुढे उभे राहतात आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. मी डॉक्टर नाही. तीस वर्षं वसईत पीटी शिकवली, निवृत्त झाले तरी मैदान काही सुटलं नाही. मैदानावर जे पाहिलं आणि जाणत्यांना विचारून जे पक्कं केलं, तेवढंच सांगते.

आपल्याकडे धावण्याचं वेड आता चांगलंच रुजलंय. वसई-विरारची महापौर मॅरेथॉन २०११ पासून सुरू आहे. पूर्ण अंतराची विरारहून सुटते, अर्धी वसईहून. पावसाळा सरला की सुरुची बागेच्या किनाऱ्यावर, राजोडी-कळंबच्या बाजूला पहाटे पहाटे धावणारी माणसं दिसायला लागतात. कुणी जीवदानी मंदिराच्या पायऱ्या व्यायाम म्हणून चढतं. क्रिकेटचं तर विचारूच नका. पालघरचा शार्दुल ठाकूर आणि विरारचा पृथ्वी शॉ किटबॅग घेऊन रेल्वेनं मुंबईला सरावाला जायचे, हे इथल्या प्रत्येक क्रिकेटवेड्या घरात पाठ आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वीनं हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा काढल्या, तेव्हापासून आपल्या किती पोरांच्या खांद्याला किटबॅग लागली असेल!

पण ही पोरं खेळतात ती आपल्या हवेत, हे विसरून चालणार नाही. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत घाम अंगावरच सुकतो. आपल्याकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. हवेत आधीच इतकी वाफ भरलेली की घामाला सुकायला वावच नाही. तो नुसता निथळतो. आणि अंग गार होतं ते घाम सुकल्यानं, निथळल्यानं नव्हे. म्हणून तापमान फार नसलं तरी आपलं पोर लवकर तापतं, लवकर दमतं.

घामाबरोबर मीठही जातं. नायगावच्या बाजूची मिठागरं तुम्ही लोकलच्या खिडकीतून पाहिली असतील. पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. खेळून आलेल्या पोराचा काळा टी-शर्ट वाळल्यावर बघा, पाठीवर तसंच मीठ पिकलेलं दिसेल. उन्हात जोर लावून खेळणारा मोठा मुलगा तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. लिटरभर घामात साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ असतं, माणसागणिक कमी-जास्त. तेव्हा दोन तास खेळलेल्या पोराला पाण्यासोबत थोडं मीठ आणि थोडी साखर हवी, हे म्हणणं खोटं नाही. नळीवाले हवेतून काही विकत नाहीत.

या पुडीचा जन्म मात्र मैदानावरचा नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगावला थडकले आणि छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. जिथे शंभरातले तीसेक दगावत होते, तिथे हे प्रमाण चाराच्या खाली आलं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं, हे त्यामागचं शास्त्र. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर तुम्हाला ‘जलसंजीवनी’ म्हणून जी पुडी देतात ती हीच, ओआरएस. महालनबीसांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

खेळाडूंच्या पेयाची गोष्ट त्याच्याही आधीची. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉलच्या एका प्रशिक्षकानं डॉ. रॉबर्ट केड यांना विचारलं, आमच्या पोरांना सामन्यात लघवीला का होत नाही? केडनी शोध घेतला. पोरं घामावाटे इतकं पाणी गमावत होती की मूत्रपिंडापर्यंत काही उरतच नव्हतं. त्यांनी पाण्यात मीठ आणि साखर घालून पेय केलं. ते इतकं बेचव होतं की घशाखाली उतरेना. मग केडच्या बायकोनं सुचवलं, लिंबू पिळा. त्यातून गॅटोरेड जन्माला आलं. थोडक्यात, जगभर विकलं जाणारं ते पेय म्हणजे मोजून-मापून केलेलं लिंबूसरबतच! प्रशिक्षकाचा तो लघवीचा प्रश्न मात्र लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

आता दुकानातल्या फळीकडे बघू. तिथे तीन वेगळ्या वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि घोळ तिथेच होतो.

पहिली ओआरएसची पुडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. हे जुलाब-उलटीवरचं औषध आहे. उन्हात खूप घाम गाळलेल्या मुलाला एखाद वेळी दिलंत तर हरकत नाही, पण रोजच्या खेळाला एवढं मीठ लागत नाही. दुसरी वस्तू म्हणजे खेळाडूंची पेयं, पावडरी आणि फसफसत्या गोळ्या. यात मीठ ओआरएसपेक्षा कमी. साखर मात्र कुठे नावालाही नाही, तर कुठे १०० मिलिलिटरला सहा ग्रॅम. तिसरी वस्तू एनर्जी ड्रिंक. त्याचा आणि तहानेचा काही संबंध नाही. त्यात कॅफीन असतं आणि मुलांसाठी योग्य नाही असं त्या डब्यावरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते मुलाच्या हातात दिसलं तर काढून घ्या, यावर मी वाद घालणार नाही.

आणि नावावर भुलू नका. ओआरएस असल्याचा भास करून देणारी गोड पेयं आपल्याकडे अनेक वर्षं बिनबोभाट विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष जवळजवळ आठ वर्षं त्याविरुद्ध लढल्या. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला की खाद्यपेयाच्या नावात, मागेपुढे काही जोडूनसुद्धा, ‘ओआरएस’ ही अक्षरं वापरायची नाहीत. एका डॉक्टर बाईंनी आठ वर्षं लावून धरलेली गोष्ट आपण निदान खोका उलटा करून वाचायला हवी. मागच्या तक्त्यात दोनच ओळी बघा, सोडियम आणि साखर. आकडा १०० मिलिलिटरचा आहे की अख्ख्या बाटलीचा, तेही बघा. तिथेच बरेचजण फसतात.

मग हे द्यायचं कधी? मैदानावरचा हिशेब सोपा आहे. खेळ तासाभराचा असेल तर साधं पाणी पुरे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही २०११ पासून हेच सांगते. तासाहून जास्त, उन्हातान्हात, दमसास लावून खेळायचं असेल, दिवसात दोन-तीन सामने असतील, रविवारी लांब पल्ल्याचं धावणं असेल, तर मीठ-साखरेचं पाणी कामाला येतं. बुधवारी संध्याकाळी पाऊण तास लंगडी खेळणाऱ्या पोराला गोळी लागत नाही.

आणि लागते तेव्हाही ती दुकानातलीच हवी असं नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचा सपाट पाव चमचा मीठ, सपाट आठ चमचे साखर, दोन लिंबं. झालं. मीठ अंदाजानं टाकू नका, चमच्यानं मोजा. शहाळं उत्तमच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचं, म्हणून खूप घामानंतर सोबत चिमूटभर मिठाचं काहीतरी खायला द्या. घरी आल्यावर मीठ घातलेलं पातळ ताक, कोकम सरबत, मऊ भाताची पेज, वसईचं केळं. ही पेज आपल्या आज्या शेतावरून आलेल्या माणसापुढे आधी ठेवायच्या, जेवण नंतर. जुलाबासाठी घरी पाणी करायचं असेल तर माप वेगळं: लिटरला अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर, दोन्ही सपाट. ही दोन मापं कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा.

मापावरून एक प्रसंग आठवला. स्पर्धेच्या सकाळी एका मुलानं लिटरभर पाण्याची ओआरएसची अख्खी पुडी छोट्या बाटलीत ओतली. “बाई, कडक केलंय, ताकद जास्त येईल.” घरूनच तसं सांगितलेलं. अर्ध्या तासात तो कुंपणाशी वाकून ओकत होता. कडक चहा असतो, आईबाबांनो, कडक ओआरएस नसतं. जास्त मीठ पोटात गेलं की ते उलट अंगातलं पाणी ओढून घेतं. पुडीवर लिहिलेल्या मापाइतकंच पाणी घ्यायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचं.

अतिरेक पाण्याचाही वाईट. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं निघालं. धावता धावता ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा जास्त जे प्यायले होते, त्यांना हा धोका अधिक होता. तेव्हा “पी, अजून पी” असं म्हणून मागे लागू नका. नऊ ते बारा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाला दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला ते पेलाभर पाणी, एवढं धोरण ठेवा.

तुमच्या पोराला नेमकं किती लागतं, ते घरच्या वजनकाट्यावर कळतं. खेळायला जाण्यापूर्वी आणि आल्यावर, घाम पुसून, सारख्याच कपड्यांत वजन करा. चाळीस किलोचं मूल आठशे ग्रॅमनं उतरलं तर अंगातलं पाणी बरंच गेलं असं समजा. पुढच्या वेळी मधे मधे जास्त पाजा. वजन वाढलं असेल तर कमी. याहून सोपं म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळा असला तर ठीक, मोहरीच्या तेलासारखा गडद असला तर पाणी कमी पडलंय. मुलाला हे बघायला शिकवा, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

मुलाला मूत्रपिंडाचा, हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल किंवा टाइप १ मधुमेह असेल, तर अशी कोणतीही पावडर-गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि खेळताना मूल असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, अंग भाजू लागलं, तर पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. तो उष्माघात असू शकतो, तिथे सरबताचं काम नाही.

झालं नळीचं पुराण. आता त्या भरलेल्या बाटलीकडे येते.

बाबा बाजूला गेल्यावर मी मुलीला विचारलं, “दिवसभर तहान लागली नाही?” ती म्हणाली, “लागते ना, बाई. पण प्यायलं की जावं लागतं.” मग? “बाथरूमच्या दाराला कडी नाही. कुणीतरी बाहेर उभं राहून दार धरायला लागतं. मैत्रीण दरवेळी येत नाही.”

एवढंच. साडेसहा ते साडेपाच, अकरा तास ते पोर तहान मारून बसत होतं आणि मग आमच्या मैदानावर धावायला येत होतं. वर्गातल्या इतर मुलींना विचारलं. एकीला वास सहन होत नाही, एकीला नळाला पाणी नसतं म्हणून किळस येते, एकीला शिकवण्यांमुळे शाळेतून परस्पर जावं लागतं आणि मधे कुठे सोय नाही. किटबॅग घेऊन चर्चगेटपर्यंत जाणारा एक मुलगा म्हणाला, लोकलमध्ये दीड तास कुठे जाणार, म्हणून निघण्याआधी पाणी बंद. पाळीच्या दिवसांत तर मुली घोटभरसुद्धा घेत नाहीत. मग कुणाचं डोकं दुखतं, कुणाला उन्हाळी लागते, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात आणि आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांत दमच नाही.

फ्लोरिडाच्या प्रशिक्षकाला पडलेला प्रश्न आठवतोय ना? आमच्या पोरींना दिवसभर लघवीला का होत नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. उलट तासाला कुणी बोट वर केलं की “मधल्या सुट्टीत का नाही गेलीस?” म्हणून मीच खाली बसवत आलेय. आणि खरं सांगू? शाळेत असताना माझीही बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी यायची. बाईमाणसाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही.

अकरा तास सुकलेल्या अंगात पाच वाजता गोळी टाकून काय होणार? शेताला दिवसभर पाणी न देता संध्याकाळी एक बादली ओतल्यासारखंच ते. मुलांनी सकाळपासून थोडं थोडं प्यायला हवं आणि त्यासाठी त्यांना बिनधास्त जाता यायला हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी ही शाळेची जबाबदारी ठरवली आहे. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजवायला सुरुवात केली. घंटा छानच, पण तिच्या पाठोपाठ धड दार हवं. पालकसभेत आपण गृहपाठाबद्दल, गुणांबद्दल, सहलीच्या पैशांबद्दल तावातावानं बोलतो. स्वच्छतागृह आतून जाऊन पाहिलेले पालक किती?

त्या मुलीच्या बाबांनी पाहिलं. ते फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करतात. मुख्याध्यापिका बाईंची परवानगी घेऊन शनिवारी दुपारी ड्रिल मशीन घेऊन आले आणि चार दारांना चार कड्या बसवून गेले. वरच्या बाजूला एकेक खुंटीही ठोकली, दप्तर अडकवायला. कड्यांचा सगळा खर्च त्या नारंगी नळीहून कमी आला, असं त्यांनीच मला हसत सांगितलं. नळी त्यांनी फेकली नाही. ती कपाटात आहे, रविवारच्या दहा किलोमीटरसाठी, आणि तिथे ती योग्यच आहे.

सगळं सुधारलं असं नाही. नळाला अजूनही दुपारनंतर पाणी नसतं. त्यासाठी काही आया मिळून शाळेत खेपा घालताहेत. पण परवा सरावाआधी त्या मुलीनं न विचारताच बाटली माझ्यापुढे धरली आणि उलटी केली. तळाशी दोन घोट होते, ते मातीत पडले. “दुसऱ्यांदा भरलेली आहे, बाई,” एवढं बोलून ती धावायला गेली.

तुमचं मूल आज घरी आलं की डबा संपवलास का, असं तुम्ही विचारालच. त्याच हातानं बाटलीही उचलून बघा. भरलेली असेल तर ओरडू नका. का, एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

तुमची,
पीटीच्या बाई